कुत्रं खूप आजारी आहे: महागडी ट्रीटमेंट चालू ठेवायची की दयामरणाचं इंजेक्शन द्यायचं, हे कसं ठरवायचं

आमची चिंगी साडेअकरा वर्षांची होती, लॅब क्रॉस. गेल्या वर्षी गौरी जेवायच्या दिवशी तिने पुरणपोळीच्या तुकड्याकडे बघून तोंड फिरवलं. घरात पाहुणे होते, गडबड होती, म्हणून असेल असं वाटलं, मग दुसऱ्या दिवसापासून उलट्या सुरू झाल्या आणि तिथून दिवाळीच्या आधीपर्यंत आम्ही सातारा-पुणे-सातारा करत राहिलो. त्या काळात मला कोणीतरी बसवून सगळं क्रमाने सांगायला हवं होतं, आधी काय विचारायचं, पैशाचं काय करायचं, थांबायचं कधी. ते कोणी सांगितलं नाही म्हणून मी लिहून ठेवतेय. ज्यांच्या घरात आत्ता हे चालू आहे त्यांनी सगळं एका दमात वाचलं नाही तरी चालेल, पहिला आणि पैशाचा भाग तेवढा आज वाचा.

आधी आजाराचं नाव काढा

"वय झालंय", "किडनी थोडी वीक आहे", "ताप उतरत नाहीये" एवढ्यावर कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. आम्ही नेमकं इथेच चुकलो. एका दवाखान्यात आठ दिवस रोज सलाईन लावत होते, आम्ही रोज पैसे भरत होतो, आणि रिपोर्टचा आकडा ना त्यांनी सांगितला ना आम्ही विचारला. आठव्या दिवशी मी रिपोर्टचा फोटो मागून घेतला, क्रिएटिनिन (किडनी किती काम करतेय ते सांगणारा रक्तातला आकडा) ६.९. कुत्र्यात ते साधारण दीडच्या आत असायला हवं. तर रिपोर्ट मागा, प्रत्येक वेळी मागा, मोबाईलमध्ये तारखेप्रमाणे एक फोल्डर करा, कारण दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात की तोच फोल्डर तुमचे पुन्हा टेस्ट करायचे पैसे वाचवतो.

नाव काढायचं ते अशासाठी की काही आजारांत कुत्रं अगदी मरायला टेकल्यासारखं दिसतं पण ते बरं होण्यासारखं असतं. आपल्याकडचा सगळ्यात कॉमन म्हणजे गोचीड ताप. प्लेटलेट पडलेल्या, हिरड्या पांढऱ्या, कधी नाकातून रक्त, उठत नाही, खात नाही, आणि घरचे म्हणतात आता सोडा. एर्लिकिया (गोचिडीतून येणारा जंतू) असेल आणि वेळेत डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू झालं तर बरीच कुत्री दोन-तीन दिवसांत मान वर करतात, गोळ्या मात्र साधारण चार आठवडे पूर्ण द्याव्या लागतात. दुसरं, ऑपरेशन न केलेली मादी, माजावर येऊन गेल्यावर महिना-दीड महिन्यात खूप पाणी प्यायला लागली आणि जेवण सोडलं, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो, तिथे ऑपरेशन तातडीने केलं तर ती ठणठणीत होऊ शकते, आणि इथे खर्च बघून दोन दिवस थांबलात तर तेच जिवावर बेततं. पिल्लांमधला पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा व्हायरस, तोही तसाच, चार-पाच दिवस भयानक दिसतं पण सलाईन आणि नीट काळजी मिळाली तर बरीच पिल्लं वाचतात.

कॅन्सर या शब्दाला तर घाबरूनच जातो आपण. जननेंद्रियावर येणारी फुलकोबीसारखी रक्ताळ गाठ, जिला डॉक्टर टीव्हीटी म्हणतात, ती रस्त्यावरच्या आणि मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांत खूप दिसते, आणि ती व्हिनक्रिस्टिन या किमोच्या औषधाच्या आठवड्याला एक अशा चार-सहा इंजेक्शनांत बहुतेक वेळा पूर्ण जाते. याउलट लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. त्यात पूर्ण किमोथेरपी केली तर साधारण वर्षभर मिळतं, काहीच केलं नाही तर महिना-दोन महिने, आणि वर्षभर मिळालं तरी तो बरा होत नाही, लांबतो. दोन्हीला घरी आपण "कॅन्सर झालाय" असंच सांगतो, पण निर्णय किती वेगळा.

किडनीचं थोडं सविस्तर सांगते कारण ते मी जवळून पाहिलंय. किडनी अचानक बिघडणं आणि हळूहळू वर्षानुवर्षं संपत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, त्यात क्रिएटिनिन आभाळाला भिडतं आणि तरी औषध आणि सलाईनने किडनी परत येऊ शकते (लेप्टो माणसांनाही होतो, त्यामुळे लघवी पुसताना हातमोजे घालाच). जुन्या किडनीच्या आजारात मात्र जगभरातले डॉक्टर चार स्टेज मानतात, क्रिएटिनिन २.९ ते ५ तिसरी स्टेज, ५ च्या वर चौथी. पण ही स्टेज आल्या-आल्या पहिल्या रिपोर्टवर ठरवायची नसते, शरीरात पाणी भरून, कुत्रं जरा स्थिर झाल्यावर पुन्हा तपासून ठरवायची. चिंगीचं आठ दिवसांच्या सलाईननंतरचं ६.९ होतं, पुण्यात सोनोग्राफी केली तर दोन्ही किडन्या आक्रसलेल्या. तेव्हा कळलं की हे परत फिरणारं नाही.

डॉक्टरांना काय विचारायचं

"वाचेल का हो?" हा प्रश्न आपण विचारतो आणि डॉक्टर म्हणतात "प्रयत्न करू". त्यांचंही बरोबर आहे, दुसरं काय म्हणणार. त्यापेक्षा कागदावर लिहून न्या आणि एकेक विचारा. हा आजार बरा होतो, ताब्यात राहतो, की फक्त लांबतो? ट्रीटमेंट केली तर साधारण किती दिवस किंवा महिने, आणि त्यातले किती दिवस दवाखान्यात जातील? फरक पडायचा असेल तर किती दिवसांत दिसायला हवा? काहीच केलं नाही, फक्त दुखणं आणि मळमळ कमी केली, तर काय होईल, आणि शेवट कसा असेल? आणि सगळ्यात शेवटी, तुमचं स्वतःचं कुत्रं असतं तर तुम्ही काय केलं असतं. हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, मलाही वाटला, पण पुण्यातल्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मी चार दिवस अजून बघितलं असतं, आकडा हलला नसता तर घरी नेलं असतं." त्या एका वाक्याने आमचा पुढचा सगळा प्लॅन ठरला.

"फरक किती दिवसांत दिसायला हवा" याचं उत्तर घेतल्याशिवाय ट्रीटमेंट सुरूच करू नका. नाहीतर "अजून दोन दिवस बघू" करत करत महिना निघतो, पैसेही जातात आणि जनावर पिंजऱ्यात सुईला बांधलेलं राहतं.

दुसरं मत नक्की घ्या, पण दोनच्या वर नको. चौथ्या डॉक्टरकडे आपण माहितीसाठी जात नसतो, वेगळं उत्तर मिळेल या आशेने जात असतो, आणि प्रवास कुत्र्याला होत असतो. सरकारी पशुवैद्यकीय कॉलेजची हॉस्पिटलं लोक विसरतात, तिथे तपासण्या स्वस्त पडतात आणि शिकवणारे डॉक्टर असतात, मुंबईत परळला, नागपूरला, परभणीला, उदगीरला आणि आमच्या बाजूला शिरवळला. मुंबईत परळलाच बाई साकरबाई हॉस्पिटल आहे, आणि २०२४ पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल सुरू झालंय. गर्दी असते, सकाळी लवकर पोचायची तयारी ठेवा.

पैशाचं बोलणं

हे बोलणं सगळे टाळतात, पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि आता पैसे मोजतोय का असं वाटतं. पण आकडा आजच ठरवा, घरातल्या सगळ्यांनी बसून. समजा रोजचा ड्रिप, औषधं, जाणं-येणं धरून दीड हजार होत असतील तर महिन्याचे ४५ हजार झाले, आणि जुन्या किडनीच्या आजारात एका महिन्याने ते संपत नाही. ट्रीटमेंटने कुत्रं बरं होणार असेल, जसं गर्भाशयाचं ऑपरेशन, तर उसनवारी करून, दागिना ठेवून केलं तरी मला ते पटतं. पण आजार फक्त लांबणार असेल तर कर्ज काढू नका, हे मी अगदी स्पष्ट सांगते. पोराची फी, म्हाताऱ्या माणसांची औषधं यातून काढून दिलेले दिवस कुत्र्याला चांगले जातातच असं नाही. पैसे नाहीत म्हणून इंजेक्शनचा विचार करणारा माणूस निर्दयी नसतो, आणि डॉक्टरलाही बजेट सरळ सांगा, "माझ्याकडे एवढेच आहेत, यात तिला सगळ्यात जास्त आराम कशाने मिळेल?" चांगला डॉक्टर त्यात बसवून देतो, कुठली टेस्ट सोडली तर चालेल तेही सांगतो. ज्या टेस्टचा रिझल्ट काहीही आला तरी पुढचं औषध बदलणार नसेल ती टेस्ट नको. इन्शुरन्सचं म्हणाल तर आजार कळल्यावर काढलेल्या पॉलिसीत तो आजार बसत नाही, त्यामुळे आत्ता त्यात वेळ घालवू नका.

मधला रस्ता असतो

एकीकडे आयसीयू आणि दुसरीकडे इंजेक्शन असे दोनच पर्याय आहेत असं वाटतं, पण बरं करण्याचा नाद सोडून फक्त त्रास कमी करायचा, घरी ठेवायचं, असा तिसरा रस्ता असतो आणि आम्ही तोच घेतला. चिंगीला आम्ही घरीच कातडीखाली सलाईन द्यायचो. डॉक्टरांनी शिकवलं, किती मिली आणि दिवसाआड की रोज हे त्यांनीच ठरवलं. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची म्हणजे गार लागत नाही, मग खिडकीच्या ग्रिलला अडकवायची, मानेच्या मागची कातडी तंबूसारखी उचलायची आणि सुई आत. उंटाच्या पाठीसारखा फुगवटा येतो आणि काही तासांत जिरतो. मी पहिल्या दिवशी रडले, चौथ्या दिवशी दहा मिनिटांत उरकत होते आणि ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडायची.

खात नाही म्हणजे जगायचं नाहीये असा अर्थ लगेच काढू नका, बऱ्याचदा ती मळमळ असते आणि मळमळीवर चांगली औषधं आहेत. दुखण्यावरही आहेत. फक्त घरातलं कॉम्बिफ्लाम, व्होव्हेरान असलं काही देऊ नका, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते.

दिवस कसे जातायत ते लिहून ठेवा

रोज बघणाऱ्याला घसरण कळत नाही. आम्ही स्वयंपाकघरातलं कालनिर्णय घेतलं, रोज रात्री त्या तारखेच्या चौकोनात पेनने बरा दिवस असेल तर टिक, वाईट असेल तर फुली, आणि खाली एक-दोन शब्द, "अंडं खाल्लं", "गेटपर्यंत गेली", "रात्रभर धापा". घरातल्या प्रत्येकाने आपापली खूण करायची, एकमेकांचं न बघता केली तर अजून चांगलं.

अमेरिकेतल्या डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या प्राण्यांच्या कॅन्सरतज्ज्ञ, त्यांनी २००४ मध्ये एक मोजपट्टी दिली ती आमच्या डॉक्टरांनी सांगितली. सात गोष्टी, वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला ० ते १० मार्क, एकूण ७०, आणि ३५ च्या वर असेल तर अजून ठीक चाललंय असं धरतात. मी दर रविवारी काढायचे. उपयोग होतो, पण बेरजेवर पूर्ण विसंबू नका, श्वास घेता येत नसेल किंवा वेदना थांबतच नसेल तर बाकीच्या सहा गोष्टींना दहापैकी दहा देऊन काय करणार.

वेदना ओळखायला शिका, कारण जुनं दुखणं असलेलं कुत्रं सहसा केकाटत नाही. ते रात्री उठून जागा बदलत राहतं, पाठ कमानीसारखी करून उभं राहतं, गार फरशीवरही धापा टाकतं, एकच जागा चाटत बसतं, किंवा माणसं सोडून कॉटखाली जाऊन बसतं. हृदयाचा आजार असेल तर गाढ झोपेत असताना छाती किती वेळा वर-खाली होते ते एक मिनिट मोजा, रोज, ३० च्या वर जायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

रेषा आधीच आखा

हे आधी करून ठेवलंत तर शेवटच्या आठवड्यात तुमचं डोकं चालत नसलं तरी कागद चालतो. कुत्र्याला आयुष्यात सगळ्यात आवडणाऱ्या तीन-चार गोष्टी लिहा. चिंगीच्या होत्या, माझ्या स्कूटीचा आवाज आला की गेटवर येणं, उकडलेलं अंडं, संध्याकाळी अंगणात आईच्या पायाशी बसणं, आणि शेजारच्या मांजरावर भुंकणं. आम्ही ठरवलं की यातल्या तीन गेल्या, किंवा लागोपाठ तीन फुल्या आल्या, किंवा दोन दिवस पाणी पोटात राहिलं नाही, तर डॉक्टरांना बोलवायचं, चर्चा करायची नाही.

आई तयार नव्हती. "आपण कोण तिचा जीव घेणारे, तिचं मरण तिला येऊ दे" असं तिचं म्हणणं, आणि अशी माणसं बऱ्याच घरांत असतात, त्यांना मूर्खात काढू नका, त्यांचंही त्या जनावरावर तेवढंच प्रेम असतं. मी वाद घातला नाही, रात्रीची ड्युटी तिच्याबरोबर वाटून घेतली. किडनीच्या आजारात तोंडात फोड येतात, श्वासाला उग्र वास येतो. एका पहाटे आईने बघितलं, चिंगी पाण्याच्या भांड्यापाशी उभी, हनुवटी अगदी पाण्याला टेकलेली, तहान लागलीये हे दिसतंय, जीभ बाहेर येते आणि परत आत जाते, पाय लटपटतायत, पण ती पीतही नाही आणि हटतही नाही. वीस मिनिटं. सकाळी आई म्हणाली, "डॉक्टरांना फोन कर."

तरी आम्ही तीन दिवस लावले, भाऊ बेंगळुरूहून येईपर्यंत. त्यातली शेवटची रात्र तिला झटके आले. ते तीन दिवस माझ्या मनातून जात नाहीत, म्हणून सांगते, कोणासाठी थांबायचं असेल तर त्याला आधीच बोलवून घ्या, चांगल्या दिवसांत, व्हिडिओ कॉलवर नाही.

त्या दिवशी काय होतं

डॉक्टर घरी येतात का हे आधीच विचारून ठेवा, बरेच येतात. नोंदणी असलेला पशुवैद्यच हवा, आणि तुमची लेखी संमती घेतात, ती घ्यायलाच हवी. पद्धतही विचारा, स्पष्ट विचारा. आधी शिरेत सुई बसवतात, मग गुंगीचं औषध, कुत्रं गाढ बेशुद्ध झाल्यावर भुलीच्या औषधाचा मोठा डोस, त्याने श्वास आणि मग हृदय थांबतं, काही मिनिटांत. बेशुद्ध न करता थेट काही देणार असतील तर नको म्हणा, दुसरा डॉक्टर बघा. गावाकडे अजून कुठे कुठे विषाचं इंजेक्शन हृदयात देतात असं ऐकू येतं, स्ट्रिक्नीनने तसं मारणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे.

काही गोष्टी माहीत नसतील तर धक्का बसतो. डोळे उघडेच राहतात. लघवी-शी होऊ शकते, खाली जुनी चादर घाला. गेल्यावरही एखादा खोल श्वास किंवा पायाची थरथर होते, ती वेदना नसते, त्याला तेव्हा काही कळत नसतं. तुम्ही जवळ थांबलात तर बरं, पण ज्याला बघवणार नाही त्याने बाहेर थांबावं, त्यात कमीपणा नाही. डॉक्टरांचे पैसे आणि सही आधीच उरकून टाका, नंतर पाकीट शोधायची वेळ येऊ नये.

तुम्ही ज्याला खायला घालता तो रस्त्यावरचा कुत्रा असेल तर हा निर्णय एकट्याने घ्यायचा नसतो, २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण (एबीसी) नियमांप्रमाणे स्थानिक समितीने नेमलेली टीम तो बरा न होणारा किंवा प्राणघातक जखमी आहे हे ठरवते. आणि कुठल्याही कुत्र्याला रेबीज झाल्याची शंका असेल, लाळ गळतेय, वागणं बदललेलं, गिळता येत नाही, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा, त्याला हात लावू नका, लगेच डॉक्टरांना आणि महापालिकेला कळवा, आणि लाळेचा संपर्क आला असेल तर त्याच दिवशी जाऊन लस घ्या.

नंतरचं

कुठे न्यायचं ते आधी ठरवा. मोठ्या शहरांत महापालिकेची प्राण्यांसाठी दहनाची सोय असते, मुंबईत मालाडला २०२३ पासून गॅसवरची आहे. शेतात पुरणार असाल तर विहिरीपासून लांब आणि चांगला खोल, कमरेएवढा तरी खड्डा घ्या, आणि गावाबाहेर टाकून तर अजिबात देऊ नका, भुलीचं औषध शरीरात तसंच राहतं आणि ते खाणारी घार, गिधाड, दुसरं कुत्रं त्याने मरतं.

घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याला हुंगू द्या, नाहीतर ते आठवडाभर दारात वाट बघतं. लहान मुलांना "झोपवलं" म्हणू नका, माझी भाची त्यानंतर झोपायलाच घाबरायला लागली. "ती मेली, खूप आजारी होती, औषधाने बरी होत नव्हती" असं सांगितलं की मुलं रडतात आणि समजतात.

उरलेली औषधं, न फोडलेल्या सलाईनच्या बाटल्या दवाखान्यात देऊन टाका, कोणाच्या तरी कामी येतात. महापालिकेचं लायसन्स असेल तर कळवून बंद करा. आणि दवाखान्यात नाव काढून टाकायला सांगा, ते राहून जातं आणि मग चार महिन्यांनी दुपारी ऑफिसमध्ये मेसेज येतो की चिंगीचं लसीकरण बाकी आहे.